जूनो: योटा कालव्यातून चार दिवसांची संथ सफर

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या योतेबोरी शहरातून, म्हणजे आपल्याकडे ज्याला गोथेनबर्ग म्हणतात तिथून, राजधानी स्टॉकहोमला रेल्वेने तीन-साडेतीन तासांत जाता येते. ‘जूनो’ ही छोटी बोट तेच अंतर चार दिवस आणि तीन रात्रींत कापते, आणि त्या संथपणासाठी रेल्वेच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे घेते. एवढे पैसे मोजून इतके सावकाश का जावे, हा प्रश्न मला इथल्या अनेक मराठी मित्रमंडळींनी विचारला आहे. माझे उत्तर असे की या बोटीवर संथपणा हीच मुख्य सेवा आहे. जेवण, खोली आणि सहली या सगळ्या गोष्टी तिच्यानंतर येतात. हे ज्याला मान्य असेल त्याने ही सफर अवश्य करावी, आणि ज्याला मान्य नसेल त्याने आपले पैसे वाचवावेत.

जूनो १८७४ साली मोताला या गावातल्या कारखान्यात बांधली गेली. रात्रीच्या मुक्कामाची सोय असलेली जगातली सर्वांत जुनी नोंदणीकृत प्रवासी बोट अशी तिची ख्याती आहे. सुरुवातीला ती वाफेवर चालत असे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिच्यात डिझेल इंजिन बसवले गेले. याच मार्गावरच्या तिच्या दोन बहिणी, १९१२ सालची ‘विल्हेल्म थाम’ आणि १९३१ सालची ‘डायना’, वयाने तिच्याहून बऱ्याच लहान आहेत. तिघींचा बांधा मात्र जवळजवळ सारखा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: कालव्यातल्या लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोटीला चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारबंद हौदात जेवढी मावेल तेवढीच बोट बांधता येते. जूनोची लांबी सुमारे ३१ मीटर आणि रुंदी पावणेसात मीटरांच्या आत आहे. हौदात शिरताना दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते, आणि कठड्यावरून हात लांब केला तर भिंतीच्या दगडावरचे ओले शेवाळ बोटांना लागते.

या सफरीला मी माझ्या आई-बाबांना घेऊन गेले होते. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कालवा हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आईचा कालव्याशी संबंध बाबांच्या बदल्यांपुरता. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि म्हणूनच पुढे मी ज्या अडचणी लिहिणार आहे त्या वयस्कर आई-वडिलांना परदेशात फिरवणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडाव्यात अशी माझी इच्छा आहे.

प्रथम खोलीविषयी, कारण या बोटीबद्दलची बहुतेक नाराजी तिथेच सुरू होते. बोटीवर तीसच्या आतबाहेर खोल्या आहेत. प्रत्येकीत एकावर एक असे दोन अरुंद पलंग, एक छोटे वॉश बेसिन, कपडे टांगायला काही खुंट्या आणि एक खिडकी किंवा गोल झरोका एवढेच असते. आपल्या रेल्वेतल्या पहिल्या वर्गाच्या दोन बर्थच्या कूपेची आठवण व्हावी इतकी ती जागा आहे, आणि दोन माणसांना एका वेळी उभे राहून कपडे बदलता येत नाहीत. मोठी बॅग आत ठेवायला जागाच नाही, म्हणून मऊ आणि लहान पिशव्याच घ्याव्यात. शौचालये आणि शॉवर सामायिक आहेत. ती स्वच्छ असतात, सकाळच्या वेळी थोडे थांबावे लागते. भिंती लाकडी आणि पातळ असल्यामुळे शेजारच्याचे घोरणे ऐकू येते. खोलीत दूरचित्रवाणी संच नाही, आणि त्याची उणीव मला एकदाही भासली नाही.

मजले तीन आहेत आणि त्यांना जोडणारे जिने उभे व अरुंद आहेत. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांनी हा मुद्दा फार गांभीर्याने घ्यावा, कारण जेवणाची जागा, बैठकीची खोली, शौचालय आणि आपली खोली या सगळ्या एकाच मजल्यावर असतील असे होत नाही आणि लिफ्टचा प्रश्नच येत नाही. आईने सुरुवातीला बाबांचा हात धरून, नंतर कठडा धरून, आणि शेवटी काहीही न धरता जिने चढले-उतरले. पण तिचे गुडघे चांगले आहेत. शक्य असेल तर मधल्या मजल्यावरची खोली घ्यावी. खालच्या मजल्यावर इंजिनाची घरघर अधिक जाणवते आणि झरोका पाण्याच्या फार जवळ असतो, तर सर्वांत वरच्या मजल्यावरून प्रत्येक कामासाठी उतरावे लागते. मधल्या मजल्याच्या खोल्यांचे दार थेट डेकवर उघडते, त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर दोन पावलांत पाणी, झाडे आणि थंड हवा मिळते.

खोली इतकी लहान असल्याचा एक परिणाम फार चांगला होतो. कोणीही खोलीत बसून राहत नाही. जर्मन निवृत्त शिक्षक, स्वीडिश आजी-आजोबा, आमच्यासारखे तुरळक भारतीय, असे सगळे लोक दिवसभर डेकवर असतात आणि पहिल्या संध्याकाळीच एकमेकांना नावाने ओळखू लागतात. प्रवासी पन्नासच्या आसपास असले की गर्दी होत नाही आणि एकटेपणाही वाटत नाही. मोठ्या जहाजांवर दोन-तीन हजार माणसांत जो अनोळखीपणा असतो, त्याच्या नेमके उलट इथे घडते. बाल्टिक समुद्रातून स्टॉकहोम ते हेलसिंकी अशा रात्रीच्या मोठ्या बोटी याहून पुष्कळ स्वस्त आहेत, त्यांत दुकाने आहेत, नाचगाणी आहेत, मुलांसाठी खेळ आहेत. पण त्यांत बसून स्वीडनमधले एकही झाड जवळून दिसत नाही. लहान मुले बरोबर असतील तर मात्र मी निःसंकोचपणे त्या मोठ्या बोटींचीच शिफारस करीन, कारण जूनोवर मुलांना धावायला जागा नाही आणि सरकत्या किनाऱ्याकडे चार दिवस पाहत राहण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे योग्य नाही.

आता ज्यासाठी जायचे त्या कालव्याविषयी सविस्तर लिहिते. योटा कालवा हा वेनर्न सरोवराच्या काठच्या श्योतोर्पपासून बाल्टिक समुद्राच्या खाडीवरच्या मेम या गावापर्यंत १९० किलोमीटर लांब आहे. त्यातला ८७ किलोमीटरचा भाग माणसांनी खणलेला आहे आणि उरलेला नैसर्गिक सरोवरांतून जातो. १८१० साली काम सुरू झाले आणि २२ वर्षांनी, १८३२ साली, मेम येथे राजाच्या उपस्थितीत कालवा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुमारे ५८,००० सैनिकांनी यावर श्रम केले, आणि त्यांच्या हातात मुख्यतः लोखंडी पात बसवलेली लाकडी फावडी होती. या सर्व उद्योगाचा प्रवर्तक बाल्त्सार फॉन प्लातेन हा नौदलातला माणूस. त्याने स्कॉटलंडमध्ये कॅलेडोनियन कालवा बांधणाऱ्या टॉमस टेलफर्डला १८०८ साली स्वीडनला बोलावून मार्गाची पाहणी करून घेतली. कालवा पुरा होण्याच्या तीन वर्षे आधी, १८२९ साली, प्लातेन वारला. मोतालाला कालव्याच्या काठावरच त्याची समाधी आहे, आणि बोट तिच्यासमोरून जाते. बाबा त्या वेळी टोपी काढून उभे राहिले. ज्याने आयुष्याची इतकी वर्षे एका कालव्याला दिली त्याच्यासमोर तेवढे केलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते पूर्णपणे पटले.

मोतालाचा कारखाना १८२२ साली सुरू झाला तोच मुळी या कालव्याच्या कामासाठी लागणारी यंत्रे आणि लोखंडी सामान तयार करण्यासाठी. जूनो तिथेच जन्मली. म्हणजे ज्या कालव्याने हा कारखाना उभा केला, त्याच कारखान्याने त्या कालव्यासाठी ही बोट घडवली, आणि आजचा प्रवासी त्या तिन्हींच्या मधून जात असतो. हे बोटीवरच्या मार्गदर्शक बाईंनी नेमक्या जागी, नेमक्या वेळी सांगितले. त्या प्रत्येक ठिकाणाआधी पाच-दहा मिनिटे स्वीडिश, इंग्रजी आणि जर्मन भाषांत बोलत आणि मग गप्प राहून लोकांना पाहू देत. मार्गदर्शकाला केव्हा थांबायचे हे कळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

कालव्यावर एकूण ५८ लॉक आहेत. त्याआधी योतेबोरीहून निघाल्यावर योटा नदी आणि त्रोलहेत्तान कालव्याचे सहा लॉक बोटीला समुद्रसपाटीपासून सुमारे ४४ मीटर वर असलेल्या वेनर्नमध्ये चढवतात. वेनर्न हे स्वीडनमधले सर्वांत मोठे सरोवर. त्याचा विस्तार साडेपाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे आणि मध्यावर गेल्यावर किनारा दिसेनासा होतो. वारा असेल तर इथे बोट हलते, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनी गोळी जवळ ठेवावी. श्योतोर्पला योटा कालव्यात शिरल्यावर पुन्हा चढण सुरू होते. सर्वांत उंच ठिकाण म्हणजे वीकेन सरोवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९२ मीटरांवर. तिथून फोश्विकला, जिथे या कालव्यावरचा सर्वांत जुना लॉक आहे, बोट काही मीटर खाली उतरते आणि पुढे वेटर्न सरोवर, मोताला, मग बूरेन आणि रोक्सेन ही सरोवरे असे करत पायरी-पायरीने समुद्राकडे जाते.

लॉकचे काम पाहणे हाच या सफरीतला सर्वांत मोठा आनंद आहे, आणि तो वर्णनात पूर्ण उतरत नाही. बोट हौदात शिरते. एक खलाशी दोर घेऊन काठावर उडी मारतो आणि तो लोखंडी कडीत अडकवतो. मागची दारे मिटतात. मग पुढच्या दारांच्या खालच्या झडपा उघडतात आणि पाणी उसळत आत येते. डोळ्यांसमोरची काळी ओली भिंत हळूहळू खाली जाऊ लागते आणि काही मिनिटांत समोर गवत, मग सायकली, मग लॉकजवळच्या घराची खिडकी आणि तिच्यातली फुलांची कुंडी दिसू लागते. बाबांनी आम्हाला समजावून सांगितले की दोन्ही दारे एकमेकांना सरळ रेषेत न मिळता वरच्या पाण्याकडे टोक करून मिळतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवतो आणि पातळी समान होईपर्यंत ती माणसाच्या बळाने उघडूच शकत नाहीत. त्यांनी दारांतून होणारी गळतीही बारकाईने पाहिली आणि दोनशे वर्षांच्या बांधकामाच्या मानाने ती फारच थोडी आहे असा निर्वाळा दिला. जेवणाची घंटा झाली तरी ते कठड्यावरून हलेनात, तेव्हा आई म्हणाली, “अहो, दारं उद्याही आहेत, सूप गार होईल.” आता बहुतेक दारे यंत्राने हलतात; परंतु तोतोर्प आणि बोरेन्सबेरी येथे ती अजून हातांनी, लांब दांडा ढकलून फिरवली जातात. बोरेन्सबेरीला बाबा किनाऱ्यावर उतरून ते काम संपेपर्यंत शेजारी उभे होते.

बेर्ग येथे सात लॉक एकाखाली एक जिन्यासारखे जोडलेले आहेत आणि त्यांतून बोट जवळजवळ १९ मीटर उतरून रोक्सेन सरोवराला भेटते. आधीचे लॉक धरून बेर्गला एकूण अकरा लॉक होतात, त्यामुळे सगळे उतरायला बराच वेळ लागतो. हा वेळ वाया जात नाही; बोट उतरत असताना प्रवासी चालत व्रेता येथील जुन्या मठाच्या चर्चकडे जाऊन येऊ शकतात. स्वीडनमधला पहिला स्त्रियांचा मठ बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे स्थापन झाला. परत आल्यावर उतारावरच्या गवतात बसून आपलीच बोट एकेका पायरीने खाली येताना पाहता येते. या चार दिवसांतला माझा सर्वांत आवडता तास तोच होता. काठावर आइस्क्रीम खाणारी माणसे, हौदाच्या कडेने पळणारी मुले, आणि मधोमध पांढरी, उभट धुराड्याची, दीडशे वर्षांची बोट. तिला बघायला आसपासच्या गावांतून लोक मुद्दाम येतात आणि प्रवाशांना हात हलवून शुभेच्छा देतात.

इतर थांब्यांपैकी कार्ल्सबोरीचा किल्ला आणि बिर्का ही दोन ठिकाणे मला महत्त्वाची वाटली. १८०९ साली फिनलंड रशियाकडे गेल्यावर, युद्धाच्या वेळी राजा, संसद आणि खजिना देशाच्या मध्यभागी हलवता यावेत या विचाराने वेटर्नच्या काठावर कार्ल्सबोरीचा किल्ला बांधायला १८१९ साली सुरुवात झाली. तो पूर्ण व्हायला १९०९ साल उजाडले, आणि तोपर्यंत तोफांचे तंत्र इतके बदलले होते की किल्ल्याचा मूळ उपयोग राहिला नव्हता. कालव्याचेही काहीसे तसेच झाले. पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांना जोडणारा, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतला जकात टाळणारा व्यापारी मार्ग म्हणून तो खणला गेला. पण सामुद्रधुनीतला जकात १८५७ साली रद्द झाला आणि १८६२ साली योतेबोरी–स्टॉकहोम रेल्वे सुरू झाली. मालवाहतूक हळूहळू ओसरली आणि आज कालव्यावर प्रामुख्याने हौशी नावा, सायकलस्वार आणि अशा प्रवासी बोटी दिसतात. ज्या पाऊलवाटेवरून पूर्वी बैल आणि घोडे गलबते ओढत नेत, तीच आता सायकलवाट झाली आहे. बिर्का हे मेलारेन सरोवरातल्या बेटावरचे व्हायकिंग काळातले व्यापारी गाव. १९९३ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे आता मुख्यतः गवताळ टेकड्या आणि थडग्यांचे उंचवटे आहेत, त्यामुळे भव्य अवशेषांची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

जेवणाबद्दल मला मनापासून चांगलेच लिहायचे आहे. इतक्या लहानशा स्वयंपाकघरातून रात्रीचे तीन पदार्थांचे जेवण इतक्या नीटनेटकेपणाने कसे येते याचे आम्हाला रोज आश्चर्य वाटे. सरोवरातले मासे, शेपू घातलेले नवे बटाटे, काळा पाव, स्ट्रॉबेरी असा हंगामी स्वयंपाक असतो. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला मसाल्याची आठवण येईल हे खरे, परंतु मासा इतका ताजा होता की मीठ, लोणी आणि शेपू यांच्यापलीकडे त्याला काही लागत नव्हते. आई शाकाहारी आहे. आरक्षण करतानाच तसे स्पष्ट कळवले होते, आणि तिला प्रत्येक वेळी वेगळे, विचारपूर्वक केलेले ताट मिळाले. अंडे चालते की नाही हेही आधी लिहून कळवावे, कारण इथल्या शाकाहारात अंडे गृहीत धरले जाते. दुपारी कॉफी आणि दालचिनीचा गोड पाव मिळतो, आणि स्वीडनमध्ये राहणाऱ्या कोणालाही त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. आईने घरून नेलेला चिवडा शेवटपर्यंत पिशवीतच राहिला.

पाऊस लागला तर या बोटीची मर्यादा उघड होते. डेकवर काही भाग छपराखाली आहे, तरी वारा आणि तिरपे थेंब आत येतात आणि सगळेजण एकाच छोट्या बैठकीच्या खोलीत गोळा होतात. आमच्या सफरीत एक अख्खी सकाळ तशी गेली. पुस्तके, नकाशे आणि गप्पा यांत ती गेली हे खरे, पण चारही दिवस पाऊस असता तर माझे मत कदाचित इतके अनुकूल झाले नसते. स्वीडनचा उन्हाळा बेभरवशाचा असतो. जून-जुलैतही लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि चांगला रेनकोट घेतल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवू नये. जूनमध्ये गेल्याचा लाभ असा की रात्री दहा वाजताही डेकवर वाचता येईल इतका उजेड असतो, आणि त्या उजेडात कालव्याच्या दोन्ही काठांची झाडे पाण्यात पूर्ण उलटी दिसतात. कालव्यात बोटीचा वेग ताशी पाच सागरी मैलांच्या आसपास असतो, म्हणून काठावरचा सायकलस्वार सहज पुढे निघून जातो. अनेक प्रवासी एका लॉकजवळ उतरून पुढच्या लॉकपर्यंत चालत जातात आणि तिथे बोटीची वाट पाहतात. आम्हीही तसेच केले. बाबांना त्या चालण्यात कालव्याचा भराव, काठाचे दगडी अस्तर आणि पाणी सोडण्याच्या जागा पाहायच्या होत्या. मला फक्त चालायचे होते.

एक जागा मात्र चालण्यापेक्षा बोटीतूनच पाहावी. ल्युंग्सब्रूजवळ कालवा एका पुलावरून जातो आणि मोटाररस्ता त्याच्या खालून. डेकवर उभे राहून खाली वाहने जाताना दिसतात आणि आपण त्यांच्या वरून, पाण्यातून, चालण्याच्या गतीने पुढे सरकत असतो.

किमतीविषयी स्पष्ट बोलायला हवे. ही सफर महाग आहे. चार दिवसांच्या तिकिटात युरोपमध्ये आठवडाभराची चांगली सुट्टी होऊ शकते, आणि त्या पैशांत मिळणारी खोली वसतिगृहातल्या खोलीपेक्षा लहान असते. दुसरीकडे, त्याच तिकिटात सर्व जेवणे आणि वाटेतल्या मार्गदर्शनासह सहली येतात, आणि जुन्या बोटीची देखभाल, दर हिवाळ्यातली दुरुस्ती, पन्नास प्रवाशांमागे लागणारा नोकरवर्ग यांचा विचार केला तर ही रक्कम अवाजवी वाटत नाही. पितळेच्या मुठी घासून चमकवलेल्या असतात, लाकडाला रंग ताजा असतो, दोर व्यवस्थित गुंडाळलेले असतात. आपले पैसे कुठे गेले हे बोटीकडे पाहिले की दिसते. ज्यांना एवढा खर्च जड वाटेल त्यांनी उन्हाळ्यात बेर्ग किंवा कालव्यावरच्या सोदरशोपिंग गावाहून सुटणारी काही तासांची बोटसफर घ्यावी. तीत रात्रीचा मुक्काम नाही, पण लॉकचा अनुभव पुरेपूर मिळतो आणि गुडघ्यांचीही परीक्षा होत नाही.

दिशा निवडता येत असेल तर मी योतेबोरीहून स्टॉकहोमकडे जाण्याचा सल्ला देईन. आधी चढणारे लॉक, मग वीकेनची उंची, मग बेर्गचा मोठा उतार, आणि सोदरशोपिंगनंतर खाडीतले स्टेगेबोरीच्या किल्ल्याचे भग्न बुरूज, असा क्रम लागतो. बोट समुद्रातून सोदरतेल्येचा लॉक ओलांडून मेलारेनमध्ये येते तेव्हा शहर जवळ आलेले असते. हंगाम मेपासून सप्टेंबरपर्यंतच असतो, जून-जुलैत मधल्या मजल्यावरच्या खोल्या सर्वांत आधी भरतात, आणि भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचा व्हिसा हाती आल्यावर शोध सुरू केला तर बहुधा खालच्या मजल्याचाच झरोका उरलेला असतो. म्हणून आधी खोली राखून ठेवावी, तारीख बदलण्याच्या अटी नीट वाचाव्यात, आणि मगच व्हिसाच्या अर्जाला लागावे.